किल्ली कुणाकडे?

आमच्या घरात सहलीचं नियोजन माझ्याकडे असतं, कारण बाकीच्यांना सहलीला जायचं असतं. नियोजन करणारा माणूस देहाने सहलीत असला, तरी मनाने पुढच्या ठिकाणी चौकशी करत उभा असतो. मी तक्ता करतो. त्यात चहाची वेळ असते, चहा येईपर्यंत चिडण्याची वेळ असते, आणि ‘अनपेक्षित अडचणी’ या मथळ्याखाली वीस मिनिटं राखून ठेवलेली असतात. बायको म्हणते, “अडचणींनाही एक प्रत पाठव, म्हणजे त्या वेळेवर येतील.”

या वेळची सहल आईची होती. आई ८३ वर्षांची. खुब्याचं हाड मोडल्यापासून घरात वॉकर आणि बाहेर व्हीलचेअर. ती जन्मली आणि वाढली गिरगावात, लग्न होऊन माहीमला आली, आणि या घटनेला ती अजून ‘मला तिकडे टाकलं’ असं म्हणते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत गेली आणि गिरगावला स्टेशन झालं, हे तिने पेपरात वाचलं. पेपर घडी करून तिने जाहीर केलं, “गिरगावला जमिनीखालून गाडी जाते म्हणे. ती एकदा बघते, मग मी मोकळी.”

“मोकळी कशाला?” मी घाबरून विचारलं.

“दुपारच्या झोपेला.”

बेत असा ठरला: शीतलादेवी स्टेशनवरून मेट्रोने गिरगाव, तिथून हुतात्मा चौक, फोर्टातल्या एका जुन्या वास्तूत मुंबईच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन, मग मरीन ड्राइव्ह, मग घर. माणसाने पायांनी हा बेत केला तर त्याला बेत म्हणत नाहीत, नुसतं बाहेर पडणं म्हणतात. चाकांवर करायचा म्हटला की त्याची मोहीम होते.

मी मोजपट्टीपासून सुरुवात केली. आईची खुर्ची ६५ सेंटीमीटर रुंद आहे. दार निदान ९० सेंटीमीटरचं हवं. उतार एकास बारा हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प. हे कळल्यापासून माझ्या खिशात मोजपट्टी असते आणि मी कुठेही गेलो की आधी दारं मोजतो. भाच्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो, तेव्हा मुलीपेक्षा मी बाथरूमची चौकट जास्त वेळ पाहिली, असा माझ्यावर आरोप आहे. चौकट चांगली होती. स्थळ जमलं नाही.

मग फोन. मुंबईतल्या कुठल्याही ठिकाणी फोन करून ‘व्हीलचेअर येते का’ असं विचारलं, तर उत्तर ‘हो’ असंच येतं. खरी माहिती त्याच्या खालच्या थरात असते.

“हो हो, येते ना.”

“पायऱ्या आहेत?”

“नाही. एकच आहे.”

“मग पुढे?”

“पुढे लिफ्ट आहे.”

“लिफ्ट तळमजल्यालाच लागते?”

“तळमजल्यालाच. फक्त चार पायऱ्या चढल्या की.”

“म्हणजे पाच पायऱ्या झाल्या.”

“साहेब, तुम्ही या तर खरं. आमची पोरं उचलून घेतील.”

हे उचलून घेणं म्हणजे आपल्या शहराची अधिकृत व्यवस्था आहे. रॅम्पला सिमेंट लागतं, पोरं फुकट असतात.

वाहनाचाही विचार केला. टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, तिच्या शेजारी जास्तीत जास्त एक छत्री राहते. पूर्वीच्या पद्मिनी टॅक्सीला निदान टपावर कॅरियर असायचं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या रस्त्यावरून गेल्या. लोकलला दिव्यांगांचा डबा आहे, पण लोकल थांबते अर्धं मिनिट. तेवढ्यात आई, खुर्ची, पिशवी आणि मी यांतलं काहीतरी एक फलाटावर राहणार, आणि ते मी असेन, असं घरात एकमताने ठरलं. म्हणून मेट्रो.

आमच्या घरापासून स्टेशनपर्यंत पायी दहा मिनिटं. फुटपाथ आहे. फुटपाथवर मोटारसायकली चढू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब रोवले आहेत. मी मोजपट्टी काढली. दोन खांबांतलं अंतर ५८ सेंटीमीटर. मोटारसायकल तिरकी होऊन त्यातून आरामात जाते, हे आमच्या डोळ्यांदेखत एकाने करून दाखवलं. आईला तिरकं होता येत नाही. तशी ती फक्त बोलण्यात होते. त्यामुळे आम्ही रस्त्यावरून निघालो, रहदारीच्या सोबतीने. मागून बेस्टची बस हॉर्न देत आली. आईने हात वर केला. बस थांबली. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून म्हणाला, “चढायचंय का आजी?”

“नाही, तू जा,” आई म्हणाली. “आम्ही मेट्रोने चाललोय.”

मेट्रोत मात्र काहीच घडलं नाही, आणि त्याने मी अस्वस्थ झालो. लिफ्ट चालू होती. रुंद फाटक उघडलं. फलाट आणि डबा एका पातळीत, खुर्ची आत गेली तेव्हा चाकांना कळलंही नसेल. साडेतेहेतीस किलोमीटरचा मार्ग, २७ स्टेशनं, त्यांतली २६ जमिनीखाली, हे सगळं मी आईला सांगितलं. राखीव वीस मिनिटं तशीच शिल्लक होती आणि मला ती टोचत होती.

“खिडकीतून काहीच दिसत नाही,” आई म्हणाली.

“आई, आपण जमिनीखाली आहोत.”

“मग गिरगाव आलं हे कळणार कसं?”

“आवाज येतो. नाव सांगतात.”

“आमच्या वेळी वासावरून कळायचं.”

गिरगावात वर आलो. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ साली ज्या केशवजी नाईकांच्या चाळीत बसला, ती चाळ याच गिरगावातली. पण आईला फक्त स्वतःची चाळ बघायची होती. ती अजून उभी होती. लाकडी जिना, वर गॅलरी, गॅलरीच्या टोकाला संडास. जिना चढायचा प्रश्न नव्हता. आईने खालूनच दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता डोळे भरून येतील. मी रुमाल काढला.

“ते टोकाचं दार दिसतं?” ती म्हणाली. “चार बिऱ्हाडांत एक. कुलूप असायचं. एकदा वरच्या काकू किल्ली पदराला बांधून माहेरी कर्जतला गेल्या. सबंध मजला शेजारच्या चाळीत जाऊन रांगेत उभा. शेवटी संध्याकाळच्या गाडीने माणूस धाडला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी बाहेर भिंतीत खिळा ठोकला आणि सांगितलं, किल्ली इथे राहील, कुणाच्या पदराला नाही. त्यानंतर चाळीत किल्लीवरून भांडण नाही. बाकी सगळ्यावरून होतं.”

मी रुमाल परत ठेवला आणि आम्ही फोर्टाकडे निघालो.

त्या वास्तूचं नाव मी सांगणार नाही, कारण आईला तिथे परत जायचंय. फोनवर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: रॅम्प आहे, आणि दिव्यांगांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे. दोन्ही खऱ्या होत्या.

रॅम्प मी मोजला. चढायची उंची दोन फूट, म्हणजे रॅम्प चोवीस फुटांचा हवा. हा आठ फुटांचा होता. मी खुर्ची घेऊन चढायला लागलो. मध्यावर माझी प्रगती आणि पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण यांची बरोबरी झाली. गेली काही वर्षं माझं पोट माझ्यापुढे चालतं. त्यामुळे खुर्चीच्या दांड्यापर्यंत माझे हात पोचतात, पण मी पोचत नाही. आई मान न वळवता म्हणाली, “दमलास? तू बस, मी ढकलते.” कॉलेजमधल्या एका मुलीने पाठीमागून हात लावला म्हणून आम्ही वर गेलो. दारातल्या रखवालदाराने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाण्याचा ग्लास मला दिला.

तिकिटं काढली आणि आई हळूच म्हणाली, “आधी जाऊन येते.”

दार सापडलं. दारावर निळ्या पाटीत खुर्चीवरचा माणूस. त्याच्याखाली ‘कृपया स्वच्छता राखा’. त्याच्याखाली कुलूप. स्वच्छता राखण्याचा हा उपाय अचूक होता.

“किल्ली?” मी रखवालदाराला विचारलं.

“कुणाला जायचंय?”

“आईला.”

“मग लेडीजमध्ये न्या ना.”

“तिथे पायऱ्या आहेत.”

“तीनच आहेत.”

किल्ली मावशींकडे असते, असं कळलं. मावशी भेटल्या. त्या म्हणाल्या, किल्ली होती माझ्याकडे, पण मागे आतला मॉप चोरीला गेला, तेव्हापासून सुपरवायझर साहेब स्वतःकडे ठेवतात. संडासात मॉप काय करत होता हा प्रश्न माझ्या मनात आला, पण वेळ नव्हता. सुपरवायझर साहेब कुठे? जेवायला. कुठे जेवायला? ते बाहेर जेवतात. एक ते दोन. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या तक्त्यात या वेळी आम्ही १९११ सालचं अपोलो बंदर बघत होतो.

साहेबांना फोन लावला. मागे ताटांचा आवाज. साहेब म्हणाले, किल्ली माझ्याकडे नाही, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आहे. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ड्रॉवर आहे, पण ड्रॉवरची किल्ली शिपायाकडे. शिपाई चहा आणायला गेला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात सहा कप होते आणि ते खाली ठेवल्याशिवाय त्याला खिशात हात घालता येत नव्हता. कप ठेवायला जागा नव्हती, कारण काउंटरवर मी कोपर टेकून उभा होतो.

ड्रॉवर उघडला. आत किल्ल्यांचा ढीग. त्यांतल्या एकीला ‘दिव्यांग’ अशी चिठ्ठी. मी धावतच गेलो. लागेना. शिपाई शांतपणे म्हणाला, “ती नाही हो. ती चहा-साखरेच्या कपाटाची.”

“मग चिठ्ठी?”

“चिठ्ठी बरोबर आहे. किल्ली बदलली.”

एव्हाना गर्दी जमली होती. आपल्याकडे अडचण झाली की माणसं जमतात, हे खरंच चांगलं आहे. वाईट एवढंच की सगळ्यांना एकच उपाय सुचतो. कॅन्टीनमधली चार पोरं बाह्या वर सारत पुढे आली. चांगली पोरं होती, एकाने तर चप्पल काढली.

“आजी, घाबरू नका. खुर्चीसकट उचलतो, लेडीजच्या दारात ठेवतो.”

“मी काय गणपती आहे उचलायला?” आई म्हणाली.

“आजी, गणपतीला तर आम्ही पार समुद्रापर्यंत नेतो!”

“तेच म्हणते. तिथे नेल्यावर त्याचं काय करता?”

पोरं थांबली. चप्पल काढलेल्याने ती परत घातली.

शिपाई एकेक किल्ली लावून बघत होता. मी आईजवळ गुडघ्यावर बसलो आणि पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली. बाटली काठोकाठ भरलेली होती. झाकणाचं सीलसुद्धा तुटलं नव्हतं.

“तू सकाळपासून पाणी प्यायली नाहीस?”

“चहा घेतला की.”

“चहा सातला घेतलास.”

“काल संध्याकाळपासूनच जरा कमी केलं होतं,” ती म्हणाली. “म्हटलं, तुझा तक्ता बिघडायला नको.”

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: “नोकरीत असताना सवयच होती. इथेच फोर्टात कचेरी. बायकांसाठी धड सोय नव्हती. सकाळी निघताना पाणी प्यायचं ते संध्याकाळी घरी येऊन. आम्ही सगळ्याच तसं करायचो. कुणाला काही सांगितलं नाही.”

मला हे माहीत नव्हतं. लहानपणी ती घरी आली की चपला काढायच्या आधी माठाकडे जायची, एवढं आठवत होतं. मी तेव्हा म्हणायचो, आई, आधी मला खाऊ दे.

इथे मला राग आला, आणि तो मी गिळणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, ३ डिसेंबर २०१५ ला, सुगम्य भारत अभियान सुरू झालं. सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या, असं कायदा म्हणतो. नियम निघाले जून २०१७ मध्ये. पुढची बेरीज पाचवीतला मुलगा करील. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही सांगावं लागलं की हे निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. २०११ च्या जनगणनेत दिव्यांग २ कोटी ६८ लाख होते. त्यात गुडघे गेलेली, हाड मोडलेली, नुसतीच म्हातारी झालेली माणसं धरली, तर त्या निळ्या पाटीवरच्या खुर्चीत एक दिवस आपण सगळेच बसणार आहोत. पाटी लावली, दार रुंद केलं, कमोड बसवला, धरायला दांडा बसवला, सगळा खर्च झाला. आणि मग शेवटी कुणीतरी शंभर रुपयांचं कुलूप आणून हा सगळा खर्च बंद केला. त्या कुलपामुळे ८३ वर्षांची बाई आदल्या संध्याकाळपासून तहानलेली राहते, हे कुठल्याच अहवालात येत नाही. अहवालात येतं: ‘सुविधा उपलब्ध’.

“लागली!” शिपाई ओरडला. लागलेल्या किल्लीला चिठ्ठी होती: ‘जुनी, उपयोग नाही’.

दार उघडलं, पण उघडलं अर्धंच, कारण आत सामान होतं. चोरीनंतर घेतलेले नवे मॉप, फिनेलचे कॅन, खराटे, तीन पायांची एक खुर्ची, बाद झालेला टेबलफॅन, आणि गुंडाळलेला फ्लेक्स. फ्लेक्सचा उलगडलेला भाग वाचता येत होता: ‘जागतिक दिव्यांग दिनानिमित्त हार्दिक’. हार्दिक काय, ते कमोडच्या मागे गेलं होतं.

मग मावशी, शिपाई, रखवालदार, कॅन्टीनची चार पोरं आणि मी यांनी सामान काढलं. उचलायला सरसावलेल्या हातांना अखेर योग्य काम मिळालं. टेबलफॅन माझ्या वाट्याला आला. प्रदर्शन बघायला आलेलं एक परदेशी जोडपं थांबलं आणि त्यांनी माझा फॅनसकट फोटो काढला. जुन्या मुंबईच्या फोटोंत मी कुठल्या सालचा म्हणून जाईन कोण जाणे.

आई आत गेली. वेळेत गेली. ही गोष्ट स्पष्ट लिहायची, या अटीवर तिने मला हा लेख लिहायची परवानगी दिली आहे.

ती बाहेर आली तेव्हा सुपरवायझर साहेब बडीशेप चघळत परतले होते. मार्गिकेत पसरलेलं सामान बघून ते हादरले. “अहो, हे आता ठेवायचं कुठे?”

“तुझ्या केबिनमध्ये,” आई म्हणाली. “आणि इथे भिंतीत एक खिळा ठोक. किल्ली खिळ्याला राहू दे.”

“आजी, ही हेरिटेज वास्तू आहे. खिळा ठोकायला परवानगी लागते.”

“आणि संडासाला कुलूप लावायला कुणाची घेतलीस?”

साहेबांनी बडीशेप गिळली. माणूस वाईट नव्हता. आम्ही प्रदर्शन बघून निघालो तेव्हा त्याने खुर्ची स्वतः रॅम्पवरून खाली उतरवून दिली, आणि उतरताना त्याचा जो चेहरा झाला, त्यावरून हा रॅम्प त्याने पहिल्यांदाच वापरला असावा.

प्रदर्शन चांगलं होतं. वाटेत एशियाटिक लायब्ररीच्या तीस पायऱ्या आम्ही खालून पाहिल्या. त्या खालूनच शोभतात. मरीन ड्राइव्हला रुंद, सपाट कठडा-फुटपाथ आहे, समुद्र होता, वारा होता. आईने शहाळं घेतलं. संपवलं. “दुसरं घे,” म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला, कारण तक्त्यात पुढच्या स्वच्छतागृहाची नोंद थेट घरची होती. पण मी दुसरं घेतलं. मलई तिने मला दिली. घरी आल्यावर तिने दुपारची झोप संध्याकाळी सात वाजता घेतली, आणि उठल्यावर विचारलं की कफ परेडला काय बघण्यासारखं आहे.

तर वाचकहो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन शहरात जायचं असेल, तर जाच. पण फोनवर ‘व्हीलचेअर येते का’ असं विचारू नका. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, दार किती सेंटीमीटरचं, आणि किल्ली कुणाकडे, एवढं विचारा. किल्लीवाला कुठे जेवतो आणि किती वाजता, हेही लिहून घ्या. आणि तुम्हीच जर कुठल्या इमारतीचे किल्लीवाले असाल, तर आज संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी तो मॉप बाहेर काढा आणि कुलूप फेकून द्या. त्याला कुणाचीही परवानगी लागत नाही.